सात नंबरची नळी

विद्यापीठ कोणतं ते सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, कारण चूक विद्यापीठाची नव्हती, सरांची नव्हती, मशीनची तर नव्हतीच. चूक माझी होती आणि ती मी डोकं ठिकाणावर असताना केली. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी माझी कीव करत बसायला नको.

एम.एस्सी. झाल्यावर मला इम्युनॉलॉजीच्या प्रयोगशाळेत प्रोजेक्ट असिस्टंटची जागा मिळाली. शरीर रोगाशी कसं लढतं, त्याचं हे शास्त्र. ऐकायला भारदस्त. पण सगळ्यात खालच्या पायरीवरच्या माणसाच्या वाट्याला काय येतं? नळ्यांवर नंबर टाकायचे, फ्रीझरमधला बर्फ खरवडायचा, पिपेटच्या टिपा डब्यात भरून ठेवायच्या, आणि कुणी 'बफरचं द्रावण संपलं' म्हणालं की आपणच पिऊन टाकल्यासारखं ओशाळं तोंड करून धावायचं. ऑर्डर सहा-सहा महिन्यांची. सहा महिने संपत आले की सर आपल्याकडे कसे पाहतात, चहाला बोलावतात की नाही, यावरून आपण अंदाज बांधत बसायचं.

घरी मात्र माझी ऑर्डर म्हणजे थेट कलेक्टरची नेमणूक. त्यातून मोठेबाबांना तर काय सांगावं. मोठेबाबा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमचं गाव आसेगावच्या पलीकडे, मंगरूळपीर तालुक्यात. घरं शेजारी शेजारी, मधे नुसती कुडाची भिंत. मोठेबाबांना मूलबाळ नव्हतं, त्यामुळे मी जेवायला इकडे आणि झोपायला तिकडे, अशीच वाढले. ते तालुक्याच्या एका हायस्कुलात प्रयोगशाळा परिचर होते. विज्ञानाचे मास्तर बदलत गेले, पण कपाटाची किल्ली शेवटपर्यंत यांच्याच करगोट्याला. परीक्षानळी धुताना ब्रश तळाला आपटू द्यायचा नाही, धुतल्यावर काच उजेडात धरून पाहायची, हे मी पाचवीत असताना त्यांच्याकडून शिकले. पुढे विद्यापीठात मला हे शिकवायला कुणाला वेळ नव्हता.

ते फोन करायचे. "काय करून राह्यली वं आज?"

"नळ्या धुतल्या, मोठेबाबा."

"मंग! म्हंजे माहीच नोकरी लागली म्हना तुले." आणि स्वतःच्याच बोलण्यावर खो खो हसायचे.

आता मुद्द्याचं. आमचा प्रकल्प होता डासांमुळे येणाऱ्या तापावर. तापातून उठलेल्या माणसांच्या रक्तात अँटिबॉडी, म्हणजे रोगाशी लढायला शरीर जी प्रथिनं तयार करतं ती, किती उरतात ते मोजायचं. तुलनेसाठी निरोगी माणसांचं रक्त लागतं. निरोगी रक्त मिळवणं ही प्रत्येक प्रयोगशाळेची रडकथा असते. बहुतेक वेळा विद्यार्थीच एकमेकांपुढे दंड उघडे करतात. पण आमचे रुग्ण वऱ्हाडातले आणि पन्नाशीच्या पुढचे होते, तेव्हा निरोगी माणसंही तशीच हवी होती. सरांनी मीटिंगमध्ये विचारलं, "तिकडचं कोण आहे?" मी हात वर केला. हात वर करायची मला भारी घाई.

घाई असायला कारणही होतं. त्याच्या दोनच आठवडे आधी मी एक अख्खी प्लेट, म्हणजे सगळ्या नमुन्यांची एक मोजणी, वाया घालवली होती. नमुना हजारपट पातळ करायचा, तर मी शंभरपटच केला. आमच्याकडे पीएच.डी. करणारी एक ताई होती. ती माझ्यावर देखरेख करायची. सगळ्यांसमोर म्हणाली, "तुला शून्यं मोजता येतात ना?" सर ओरडले नाहीत. ते फक्त म्हणाले, "पुढच्या ऑर्डरच्या आधी हात बसायला हवा." ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं. पाणी पिताना, कपडे धुताना, कुठेही मला तेच ऐकू यायचं.

एप्रिलमध्ये गावी आले. समाजमंदिरात सतरंजी अंथरली. रक्त काढायला मंगरूळपीरहून एक टेक्निशियन बाई आल्या होत्या. मी बारा माणसं गोळा केली होती. सगळी धडधाकट, दवाखान्याचं तोंड न पाहिलेली. आमच्या वस्तीतली नऊ आणि पाटलांच्या गल्लीतली तीन. सगळी माझ्या शब्दावर आली होती. मोठेबाबा सकाळीच आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून हजर. आणि आल्या आल्या त्या बाईंनाच शिकवायला लागले. "बाई, नळी हलवू नका, फेस येते."

"तुमी बसा हो काका," त्या म्हणाल्या.

"बसतोच ना. पन सांगून ठेवलं."

सहा जण झाले. नंतरचे सुई पाहून मागे सरकायला लागले. एक म्हातारा तर 'चप्पल पाहून येतो' म्हणून उठला तो आलाच नाही. त्याच्या जागी त्याच्या भावाला धरून आणावं लागलं. तेव्हा मोठेबाबांनी बाही वर केली आणि ते पुढे बसले. "पाह्या, काई होत नाई. मुंगी चावल्यावानी वाटते."

प्रत्येकाला संमतीचा फॉर्म वाचून दाखवायचा होता. छापील मराठी कुणाला कळणार, म्हणून मी आमच्या बोलीत सांगत होते. त्यात एक ओळ होती, की तपासणीत काही वावगं आढळलं तर तसं तुम्हाला कळवण्यात येईल. ती मी सगळ्यांना सांगितली, मोठेबाबांनाही सांगितली.

"म्हंजे काई निंगालं त तू सांगशीन?"

"सांगीन ना. मी नाई त कोन सांगीन?"

त्यांनी सही केली. संपूर्ण नाव, वेलांट्या-उकारांसकट, जसं पगारपत्रकावर करायचे तसं.

आजार विचारले. ताप नाही, शुगर नाही, बीपी नाही. "कंबर धरते थोडी," म्हणाले. कंबर कुणाची धरत नाही? तीस वर्षं बादल्या उचलल्यात, वरून दोन एकर सोयाबीन. फॉर्मवर कंबरेचा रकानाही नव्हता. मी नळीवर लिहिलं 'नि-७'. नि म्हणजे निरोगी. निरोगी आहेत हे ठरवलं कुणी? मीच. तपासायच्या आधीच ठरवून मोकळी झाले.

मंगरूळपीरच्या एका ओळखीच्या पॅथॉलॉजीत रक्त मशीनवर फिरवून वरचं पाणी, म्हणजे सिरम, वेगळं करून घेतलं आणि बारा छोट्या नळ्या थर्माकोलच्या डब्यात बर्फाच्या पाकिटांमध्ये ठेवल्या. पण स्टँडवर येते तर गाडीच नाही. पोहरादेवीची यात्रा होती, असतील नसतील त्या गाड्या तिकडे जादा सोडलेल्या. चौकशीच्या खिडकीतला माणूस माझ्याकडे न पाहताच म्हणाला, "येईन, येईन." डबा मांडीवर घेऊन मी तीन तास बसले. ऊन असं की सिमेंटचं बाकही चटके देत होतं. गाडी आली तेव्हा पाकिटांतल्या बर्फाचं पाणी झालं होतं. नंतर हीच गोष्ट मी ढालीसारखी वापरली, म्हणून सांगते.

प्रयोगशाळेत परत आल्यावर प्लेट लावली. प्लेट म्हणजे तळहाताएवढं प्लास्टिकचं तबक, त्यात शहाण्णव बारीक खळगे. प्रत्येक नमुना दोन दोन खळग्यांत घालायचा. शेवटी पिवळा रंग येतो. अँटिबॉडी जितक्या जास्त, तितका रंग गडद. मग तबक मशीनमध्ये सरकवलं की आकडे येतात. त्या दिवशी मी एकूण अँटिबॉडी मोजत होते. अकरा नमुन्यांचे आकडे आले, छान, एकमेकांच्या आसपास. सात नंबरच्या दोन्ही खळग्यांत आकडाच नव्हता. तिथे लिहून आलं होतं, 'ओव्हर'. म्हणजे मशीनच्या मापापलीकडे.

आणि खरं सांगते, आधी मोठेबाबा मनात आले नाहीत. आधी ती ताई आली. 'शून्यं मोजता येतात ना?' सात नंबर कुणाचा ते मला चांगलं ठाऊक होतं. मोजणाऱ्याला नावं माहीत नसावीत असा नियम असतो, पण आमच्याकडे माणसं कमी. नळ्यांवर लिहिणारीही मी आणि मोजणारीही मीच. तरी मला असं वाटलं नाही, की मोठेबाबांच्या रक्तात काहीतरी आहे. वाटलं ते एवढंच, की माझ्या हातून पुन्हा एक शून्य सुटलं. त्यांच्याबद्दल शंका यावी तरी कशी? ते माझ्या डोळ्यांसमोर खतांची पोती उचलून बैलगाडीत टाकायचे. मी त्यांना ओळखत होते, हेच आडवं आलं. सात नंबर कुणा परक्या माणसाचा असता तर कदाचित मी दुसऱ्यांदा पाहिलं असतं.

सिरम शिल्लक होतं, फ्रीझरमध्ये, माझ्या हाताच्या अंतरावर. अर्धा दिवस लागला असता. पुन्हा लावून आकडा नीट आला असता, तर चूक माझी होती हे सिद्ध झालं असतं, आणि दुसऱ्या दिवशी मीटिंग होती. मी त्याला भ्याले. मी नळी परत खाली, अगदी तळाच्या कप्प्यात ठेवली.

मीटिंगमध्ये आलेख दाखवला. त्यावर अकरा ठिपके. सरांची नजर चांगली. "बारावा?"

"सर, सॅम्पल खराब झालं. वाटेत बर्फ वितळला."

ताईने मान वर केली आणि पुन्हा वहीत घातली. सर म्हणाले, "पुन्हा मागवता येईल का?"

"गरज नाही सर. अकरा पुरतात."

हे मी बोलले. कुणी माझ्या तोंडात घातलं नव्हतं. वर हेही सांगते, की सिरममधल्या अँटिबॉडी तीन तासांच्या उन्हाने बिघडत नाहीत. हे मला तेव्हाही माहीत होतं. बिघडल्या तरी आकडा कमी येतो, मापाबाहेर जात नाही. आणि त्याच डब्यातले बाकीचे अकरा ठणठणीत कसे राहिले? शेंबडं पोरही विचारेल. पण मला कुणी विचारलं नाही, आणि मी स्वतःला विचारलं नाही. वहीत लिहिलं, 'नि-७ वगळले, प्रवासात खराब.' खाली सही ठोकली. पुढच्या सहा महिन्यांची ऑर्डर आली. मी सगळ्यांना पेढे दिले.

सोयाबीन काढणीच्या सुमाराला गावी गेले. मोठेबाबा अंगणात बसले होते, हात कंबरेवर. मला पाहून उठायला गेले आणि अर्ध्यातच थांबले. मग हळूच सरळ झाले.

"माह्या रक्ताचं काय निंगालं वं? कवाचा इचारीन इचारीन म्हनतो."

आता मला काय म्हणता आलं असतं? 'तुमचा नमुना माझ्याकडून बिघडला, पुन्हा द्या' एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण ज्या माणसाने नळी कशी धरायची ते शिकवलं, त्याच्यासमोर कसं म्हणायचं की तुमची नळी माझ्या हातून बिघडली? लाज वाटली. आणि लाज झाकायला मी खोटं बोलले, तेही हसत हसत.

"एक नंबर, मोठेबाबा. वीस वर्षाच्या पोट्ट्यासारखं."

ते इतके खूश झाले की विचारू नका. मोठ्या आईला हाक मारून सांगितलं, "आइकलं का? वीस वर्षाचं." मोठी आई, म्हणजे त्यांची बायको, भाकरी थापत होती. ती म्हणाली, "मंग वीस वर्षाच्यावानी काम करा. पाच दिवसांपासून तो नळ गळून राह्यला." सगळे हसले. मीही हसले. मी त्यांच्या कंबरेला बाम चोळून दिला आणि म्हणाले, आता वय झालं, वाकत जाऊ नका.

पुढे वर्षभर मी आले-गेले. दर वेळी ते थोडे बारीक दिसायचे. गालफडं आत गेली, शर्ट खांद्यावरून उतरायला लागला. दर वेळी मी म्हणायचे, दाखवा एकदा कुणाला तरी. दर वेळी ते हात झटकायचे. "काई नाई होत." मीही जास्त ताणून धरत नव्हते. माझ्या स्वतःच्या संशोधनाचं पहिलं पोस्टर लागणार होतं परिषदेत. त्यावर तेच अकरा ठिपके होते.

मग एक दिवस वडिलांचा फोन आला. मोठेबाबांना उलट्या, पाय सुजलेले, लघवी जवळजवळ बंद. वाशिमच्या डॉक्टरांनी रक्त पाहून लगेच अकोल्याला न्यायला सांगितलं होतं. मी तिथे पोचले तेव्हा त्यांना डायलिसिसला घेतलं होतं. दोन दिवसांनी बाकीचे रिपोर्ट आले. तरुणच डॉक्टर होते, फार नीट समजावून सांगत होते. हाडाच्या आतल्या मगजात काही पेशी बिघडतात. त्या एकाच प्रकारची अँटिबॉडी बनवत सुटतात, बेसुमार. ती जाऊन किडनीत साचते. हाडंही पोखरली जातात, म्हणून कंबर दुखते. रक्ताच्या कॅन्सरचाच हा एक प्रकार.

डॉक्टरांनी 'एकाच प्रकारची अँटिबॉडी' म्हटलं तिथेच मी सगळं समजले. पुढचं त्यांनी काय सांगितलं ते मला वडिलांना नंतर विचारावं लागलं. त्या पिवळ्या दोन खळग्यांत काय होतं ते आता मला कळलं होतं. मशीनने बरोबर सांगितलं होतं. मी हजारपटच पातळ केलं होतं. माझी शून्यं बरोबर होती.

डॉक्टरांनी विचारलं, "दोन-एक वर्षांत कधी रक्त तपासलं होतं का? हे आधी कळलं असतं तर बहुधा किडन्या वाचल्या असत्या."

"हाव ना," मोठी आई म्हणाली. "आमच्या पोरीनं तपासलं होतं, तिच्या मशीनवर. तवा एक नंबर होतं." आणि तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं.

बाहेर आल्यावर मोठी आई बाकावर बसली आणि पदराने तोंड पुसत बोलत राहिली. "किती डाव म्हटलं म्या, कंबर दाखवा, कारंज्याले चांगला डॉक्टर हाये. आइकतीन तवा ना. मले म्हनत, डॉक्टर कायले पाह्यजे? पोरीनं विद्यापीठात तपासलं, त्यापेक्षा डॉक्टर मोठा हाये का? मीही मंग गप बसली. तुह्यावर इस्वास होता ना बाई."

मला वाटलं होतं, मी एक नळी लपवली. मी त्यांना दवाखान्याच्या दारातून परत पाठवत होते, वर्षभर, हे मला त्या बाकावर कळलं. मी उठून नळाखाली तोंड धुतलं. खूप वेळ धूत राहिले.

डायलिसिस आठवड्यातून दोनदा सुरू झालं. मधल्या दिवसांत मोठेबाबा घरी असायचे. मी रजा टाकून आले होते. एका सकाळी मोठी आई दळण घेऊन गेली, आणि मी त्यांच्यासमोर खाली बसले. आणखी थांबले असते तर कधीच बोलले नसते.

"मोठेबाबा, तुमचं रक्त चांगलं नव्हतं. मले तवाच दिसलं होतं."

त्यांना आधी कळलंच नाही. मग म्हणाले, "कवाची गोठ करून राह्यली?"

मी सगळं सांगितलं. तो 'ओव्हर', मीटिंग, बर्फ, अकरा ठिपके, सगळं. प्रयोगशाळेतलं कितीक त्यांना कळलं असेल ठाऊक नाही, पण ज्या ठिकाणी कळायला हवं तिथे कळलं. त्यांच्या हनुवटीखालची कातडी हलायला लागली. ते रडत होते की रागावले होते, मला ओळखता आलं नाही.

"मंग मले काहून नाई सांगतलं?"

"मले वाटलं माह्याच हातानं चुकलं. बोलणी बसतीन म्हणून."

"अवं, पुन्हा मांगायचं होतं. फोन करायचा होता एक. म्या गाडीत बसून आलो असतो तुह्यापाशी. रक्त काय, लय होतं तवा माह्याजवळ."

मी रडायला लागले. त्यांनी मला जवळ घेतलं नाही. ते मला जवळ घेतील असं मला वाटत होतं, हेही कबूल करते. ते बराच वेळ कुडाच्या भिंतीकडे पाहत होते. मग म्हणाले, "मोठ्या आईले सांगू नोको. ती तुले घरात घेनार नाई."

त्यानंतर ते माझ्याशी बोलायचे. जेवली का, कवा जातं, पाणी दे. पण प्रयोगशाळेबद्दल त्यांनी मला पुन्हा कधीही काही विचारलं नाही. सात महिन्यांनी ते गेले.

ताई आता शिकवायला लागली आहे कुठेतरी. सरांना मी सांगितलं. ते म्हणाले, मीही विचारायला हवं होतं. पोस्टरमधून, अहवालातून जे काढता येईल ते आम्ही काढलं, दुरुस्त केलं. मी अजून त्याच क्षेत्रात आहे. मापाबाहेरचा आकडा आला की पुन्हा लावते, तिसऱ्यांदाही लावते. नवीन पोरं कंटाळतात. कंटाळू देत. याने मोठेबाबांचं काहीही परत येत नाही, हे मला समजतं.

मोठ्या आईला मी सांगितलं नव्हतं. त्यांनी नको म्हटलं म्हणून, असं स्वतःला म्हणायचे. मागच्या उन्हाळ्यात गेले तेव्हा ती म्हणाली, चक्कर येते, हातपाय गळतात. मी म्हटलं, उद्या मंगरूळपीरला जाऊ, ग्रामीण रुग्णालयात रक्त तपासू. ती हसली आणि चोळीची बाही वर सरकवून तिने हात माझ्यापुढे केला.

"तठी कायले? तूच घे ना. त्यायचंही तूच पाह्यलं होतं."

तो हात तसाच माझ्यापुढे होता, आणि मला तो धरवेना. मग मी तिला सांगितलं. मोठेबाबांना सांगितलं होतं त्याहून कमी शब्दांत. सगळं ऐकून तिने एकच विचारलं, "त्यायले माहीत होतं?"

"हो. मीच सांगतलं होतं."

तिने बाही खाली केली आणि ती आत गेली. संध्याकाळी तिच्याकडून जेवायचा निरोप आला नाही. मी वडिलांच्या घरी जेवले. कुडापलीकडून भांड्यांचा आवाज येत होता.

मला वाटलं, आता काही ती माझ्याबरोबर यायची नाही. पण सकाळी ती तयार होऊन दारात उभी होती, पिशवी घेऊन. रुग्णालयात रांग होती. नर्सबाईंनी रक्त काढलं, दुपारपर्यंत रिपोर्ट मिळेल म्हणाल्या. आम्ही व्हरांड्यात बसलो, मधे पिशवी. दुपारी नाव पुकारलं तेव्हा मी सवयीने उठले आणि खिडकीतून कागद घ्यायला हात पुढे केला.

"नर्सबाई," मागून मोठी आई म्हणाली, "कागद माह्या हातात देजा. हिच्या हातात नोको."

नर्सबाईंनी माझ्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि कागद तिला दिला. मोठ्या आईला वाचता येत नाही. तिने तो उलटसुलट करून पाहिला. मग व्हरांड्यात कडेला एक अनोळखी कॉलेजातली मुलगी बसली होती, तिच्याजवळ जाऊन कागद तिच्यापुढे धरला आणि म्हणाली, "बाई, वाचून सांगतं का मले, काय लिवलं हाये ते?"